बाकावरची बाई

रोहा,
९ नोव्हेंबर १९९६

तस्नीमचे अब्बा यांस,

आमनाचा सलाम. इकडे सगळे खुशाल. थंडी पडल्यापासून अम्मांचे गुडघे कुरकुरतात, जिभेला मात्र अजून काही झालेलं नाही. तस्नीम दुसरीत गेली. भातकापणी उरकली.

आता तुमच्या पत्राचं. काय हो हे? दम्मामहून पत्र आलं, पाकिटावर सौदीचा स्टँप बघून पोरगी गल्लीभर नाचली. आणि आत काय, तर "स्टेशनात कुणाची वाट बघत होतीस ते खरं सांग, नायतर पेणला माहेरी जा." ना सलाम, ना पोरीची चौकशी!

रजेवरून परतताना तौहीदने कॅसेट तिकडे नेली, ते त्याच्या घरच्यांकडून कळलं मला. आपल्या रोह्याच्या स्टेशनात काढलेला, बक्षीस मिळालेला सिनेमा, म्हणून तुमच्या खोलीत सगळे बघायला बसले. मी दिसल्यावर कुणीतरी टेप थांबवून म्हणालं, "सईदभाई, ही तर वहिनी! कुणासाठी बसलीय?" सगळे हसले. मग जो हसला त्याला जाब विचारायचा की मला?

सिनेमा आम्हीही बघितला, कमळाकर गुरुजींच्या घरी. एक स्टेशनमास्तर आणि रोज गाडीने येणारी एक शिक्षिका. तो तिच्यासाठी झुरतो, ती त्याच्यासाठी झुरते, आणि शेवटपर्यंत दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. गाणं एक नाही. अम्मा वैतागल्या. "काय गो, या दोघांनी मिठाची गुळणी धरलीय काय?"

गुरुजी म्हणाले, "अम्मा, हा कलात्मक सिनेमा आहे."

"असू दे की. पन बोलायला काय पैसं पडतात?"

शेवटी एक दिवस ती शिक्षिका येत नाही. गाडी रिकामी होते, मास्तर बघत राहतो, आणि मग दिसते बाकावरची एक परकी बाई. मांडीवर नवा फ्रॉक घातलेली मुलगी झोपलेली. ती मी. गुरुजी सांगत होते, पेपरवाल्यांनी त्या बाईच्या चेहऱ्याची तारीफ केलीय, कुणी मोठी नटी असावी म्हणून. हसावं की रडावं तेच कळेना.

अम्मांनी शपथ घातली होती म्हणून आजवर लिहिलं नाही. आता तुम्हीच लिहायला लावलंत, तर वाचा.

गेल्या सालची रमजान ईद आठवा. रजा मंजूर झाली, दिवा स्टेशनावरून सुटणाऱ्या गाडीने येतो, असं तुम्हीच कळवलं होतंत ना? आम्ही दोघी तस्नीमला नटवून स्टेशनात गेलो. प्लॅटफॉर्मच्या टोकाला सिनेमावाले काहीबाही मांडून बसले होते, आमचं तिकडे लक्ष कुठलं! गाडी आली, माणसं उतरली, तुम्ही नाही. अम्मा म्हणाल्या, पुढच्या गाडीने येईल. त्या तिकीटखिडकीवर चौकशीला गेल्या आणि तिथेच बसून राहिल्या. मी बाकावर. संध्याकाळची गाडीही रिकामी झाली.

रजा रद्द झाल्याचं तुमचं पत्र आलं ईद होऊन गेल्यावर. अम्मा म्हणाल्या, "आपुन गेलेलो ते कळवू नको गो त्याला. एकटा हाय तिकडं, जिवाला लावून घेईल." म्हणून आम्ही लिहिलं, ईद मजेत झाली.

समजलं कुणाची वाट ते? त्या हसणाऱ्यांनाही वाचून दाखवा. आणि अम्मांचा निरोप: "लिव त्याला, मी पन व्हते तिथं. मेल्यांनी मला घेतलीच नाय!"

एक गोष्ट मात्र अम्मांनाही ठाऊक नाही. आम्ही निघालो तेव्हा अम्मा तस्नीमला घेऊन पुढे गेल्या होत्या. सिनेमावाल्यांतली एक मुलगी धावत माझ्यामागे आली. "ताई, तुम्हाला न विचारता कॅमेऱ्यात घेतलं. नको असेल तर काढून टाकतो."

नको, असंच तोंडावर आलं होतं. आपल्याकडच्या बायकांनी सिनेमात दिसायचं म्हणजे काय, हे का मला कळत नाही? पण म्हटलं, "राहू दे."

का म्हटलं, ते तेव्हा मलाच सांगता आलं नसतं. आज सांगते. नवी साडी नेसून मी तुम्हाला घ्यायला आले होते, दिवसभर बसले होते, हे कुणालाच कळणार नव्हतं. तुम्हाला तर नाहीच. वाटलं, कुठेतरी राहू दे. ते दम्मामपर्यंत पोचलं, तुमच्यासमोर आलं, आणि तुम्ही विचारता, कुणासाठी?

पेणला मी जाणार नाही. काय रागवायचं ते इथे ओटीवर बसून, माझ्या तोंडाकडे बघून रागवा. फक्त या खेपेला गाडी कळवू नका. मी स्टेशनात येणार नाही. सरळ घरी या.

रोह्यातच असलेली,
तुमची
आमना