जयश्रीला आणायला जाण्याबाबत

३ जानेवारी १९८६, शुक्रवार
निर्णय पक्का. सौंसरच्या व्याह्यांचं लेखी पत्र आल्याशिवाय जयश्रीला आणायला जाणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. लेकीला न्यायला बापाने जायचं, हाही रिवाज. पण बापाला मानाने बोलवायचं असतं, हे त्या घराला कोणीतरी शिकवायला पाहिजे. मी शिकवतो.

कारण नोंदवून ठेवतो. गेल्या महिन्यात डोहाळजेवणाला व्याही पुंडलिकराव भरल्या पंगतीत म्हणाले, "बडे बाबू, आमची सून न्यायची तर अर्ज तीन प्रतींत लागन का? तुमच्या टेबलावरून मंजुरी येईपर्यंत पोरगं शाळेत जाऊन राहीन!" लोक हसले. जावई रवींद्र हसला. जयश्रीही हसली, पण तोंडाला पदर लावून. म्हणजे मनापासून नाही.

बावीस वर्षं हेडक्लार्क आहे मी. माझ्या टेबलावरून फाइल उशिरा निघते ती विचारपूर्वक निघते.

डॉक्टरीणबाईंनी फेब्रुवारीचा पहिला आठवडा सांगितला आहे. वेळ भरपूर.

५ जानेवारी, रविवार
तयारी माझ्या देखरेखीखाली सुरू. मागची खोली बाळंतिणीसाठी. बायको विजयमाला जुन्या लुगड्यांची दुपटी शिवते आहे. टाके वाकडे आहेत असं मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. बाज मात्र स्वतः विणायला घेतली. बाजारात ढिली विणतात.

दुपारी ४. बाज झाली. मधोमध किंचित खोल. विजयमाला म्हणाली, यात बाळंतीण निजली तर बाहेर काढायला दोन माणसं लागतीन. पहिलं काम कोणाचंही असंच होतं.

९ जानेवारी, गुरुवार
जयश्रीचं कार्ड. "बाबा, कधी येता? नववा लागला आहे. संक्रांतीनंतर इथले मला बसमध्ये बसू देणार नाहीत. बॅग भरून ठेवली आहे."

कार्ड वाचून गलबलल्यासारखं झालं. पण 'कधी येता' हा प्रश्न झाला, आमंत्रण नव्हे. शिवाय सुनेने लिहिलंय, घरातल्या कर्त्याने नाही. फाइलला लावलं.

विजयमाला दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी बोलली. "पोरगी बॅग घेऊन दारात बसली असन, आन् तुम्ही तिच्या कार्डाला भोक पाडून राहिले!" दिवसभराचं न बोलणंच बरं होतं.

११ जानेवारी, शनिवार
अडचण लक्षात आली. पुंडलिकराव प्राथमिक शाळेचे हेडमास्तर. असलं पत्र लिहायची सवय कुठून असणार? मीच ड्राफ्ट करून पाठवला. 'झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपण सवडीने येऊन कन्येस घेऊन जावे, ही नम्र विनंती.' खाली सहीपुरती जागा सोडली. परतीचं तिकीट लावलेलं पाकीटही सोबत. माणसाने याहून मोठं मन किती करावं!

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
पत्र नाही. सणाची टपालगर्दी. विजयमालाने तिळगूळ हातावर ठेवला. गोड बोला म्हणाली नाही.

१६ जानेवारी, गुरुवार
पाकीट आलं! आत माझाच ड्राफ्ट. सही नाही. लाल शाईत शेरा: "अक्षर सुंदर. पण बाबू, घरच्या गोष्टीला सही कायची? माझी थट्टा लागली असन तर सोडून द्या. दोन दिवसांत आले तर पोरगी धाडतो, नंतर रस्ता तिला झेपणार नाही. रोज वाट पाहून राहिली."

लाल शाई! मला!

विजयमाला म्हणाली, झालं ना आता, उद्याची बस धरा. तिला बारकावे कळत नाहीत. 'असन तर' म्हणजे चूक कबूल केलेली नाही. वर तारीख नाही. तारखेशिवायचं पत्र आमच्याकडे इनवर्डलासुद्धा घेत नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार
मी हट्टी नाही. रवींद्र स्वतः इथे पांढुर्ण्याला येऊन बोलवेल तर विचार करीन. रविवारपर्यंत मुदत. (हे त्याला कळवलेलं नाही. समजायला पाहिजे.)

खोलीला चुना दिला. तीन भिंती झाल्या. चौथ्या भिंतीला ओल आहे, ती उन्हाळ्यात.

२५ जानेवारी, शनिवार
विजयमाला सकाळच्या बसने सौंसरला गेली. डिंकाचे लाडू, दुपटी, तूप, काढ्याचं सामान, सगळं उचलून. "तुमची फाइल तुमच्यापाशी ठेवा. मीच जातो," म्हणाली. मी अडवलं नाही. याला आणायला जाणं म्हणत नाहीत. ही खाजगी भेट. माझी भूमिका कायम आहे.

एक प्रकारे उत्तमच झालं. ती जयश्रीला घेऊनच येईल आणि मला झुकावं लागणार नाही. सोमवारी दोघी येतील.

२७ जानेवारी, सोमवार
संध्याकाळी सहज स्टँडवर गेलो. सहज तीन बस पाहिल्या. तिसऱ्या बसचा कंडक्टर म्हणाला, "कोणाची वाट पाहून राहिले बाबूजी?" कोणाची नाही म्हणालो.

२९ जानेवारी, बुधवार
विजयमालाचं कार्ड. जयश्रीच्या पायांवर सूज. डॉक्टरीणबाईंनी प्रवास साफ बंद केला. बाळंतपण तिथंच. 'यायचं तर या' एवढंच शेवटी.

'यायचं तर.' घरच्या बाईनेही पुंडलिकरावांची भाषा उचलली.

भात करपला. दोन दिवस करपतोय. स्टोव्हचा दोष.

३ फेब्रुवारी, सोमवार
तार. मुलगी झाली. दोघी सुखरूप. पाठवणारे पुंडलिकराव.

तार ही लेखीच असते. त्यावर तारीख असते, नावही असतं. म्हणजे व्याह्यांनी आधी लिहिलं! शेवटी माझंच खरं झालं. परवा रजा टाकून जातो आणि दोघींना थाटात घेऊन येतो. खोली झाडली. बाजेवर जाड गादी घातली. मधला खोलगटपणा आता कळत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
काल जाऊन आलो.

पुंडलिकरावांनी दारात येऊन पिशवी घेतली. पाय धुवायला पाणी दिलं. एकही टोमणा नाही. मी दोन चोख उत्तरं तयार करून नेली होती, ती वापरायला जागाच मिळाली नाही. बाळ रडलं तसं त्यांनी सराईतपणे खांद्यावर घेतलं. रवींद्र शेगडी फुंकत होता. विजयमाला त्या घरात चमचा कुठे असतो ते न विचारता घेत होती.

मी सांगितलं, मी न्यायला आलो आहे, खोली तयार आहे.

जयश्री म्हणाली, "बाबा, संक्रांतीपर्यंत मी रोज सकाळी साडी बदलून बसत होते. मग सोडलं." बाळाला मागून घेतलं, टोपरं नीट केलं. "चहा घेऊन निघा तुम्ही. साडेपाचनंतर बस नाही."

रागाने बोलली असती तर मी समजूत घातली असती.

विजयमाला सव्वा महिना तिथंच राहणार. दारापर्यंत आली. मी म्हणालो, ठीक आहे, दुसऱ्या खेपेला सातव्यातच येईन, पत्र येवो न येवो. तिने पिशवी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "माहेरी पहिलंच करतात. दुसऱ्याला कोणी न्यायला येत नाही."

माहीत आहे, म्हणालो.

बस वेळेवर सुटली.