पाच मतं आणि गरम पाणी

२३ डिसेंबर २०२२

आप्पांनी फोन काढून घेतले. आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात टाकले आणि डबा स्वतःच्या पलंगाखाली. "आराम करायला आलोय. फोन असला की आराम व्हत न्हाई."

म्हणून ही वही. बचत गटाची जुनी. मागं सगळ्या बायांचे नंबर, बाकी पानं कोरी.

शिरूर सोडल्यापासून दोन दिवस टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये. कुठं चाललोय ते राजस्थानात शिरल्यावर कळलं. चहूकडं वाळू आणि मधोमध हे रिसॉर्ट – गरम पाण्याचं कुंड, मसाज, पांढरे झगे. नैसर्गिक झरा म्हणतात. मी मागं जाऊन बघितलं तर मोटर चालू. बोअरचं पाणी!

हे सगळं कशासाठी, तर येत्या शुक्रवारी उपसरपंच निवडायचाय. नऊ सदस्य. आप्पांच्या पॅनलचे आम्ही पाच, समोर चार. आमच्यातलं एक जरी फुटलं तरी आप्पांचा पुतण्या ईश्वर घरी बसतो. म्हणून मतदानापर्यंत आम्ही इथं. बायांच्या नवऱ्यांना आणलं नाही. "नवरे फोन लपवतात," म्हणे.

२४ डिसेंबर

नाश्त्याला आप्पांना विचारलं – वस्तीच्या रस्त्याच्या लाइटीचं काय?

मी उभी राहिले ती त्या लाइटीसाठी. रांजणगावच्या कंपनीची बस आम्हाला फाट्यावर सोडते. पुढं दीड किलोमीटर उसातून, अंधारात. पावसाळ्यात बिबट्या माझ्यापुढं दहा पावलांवर बसला होता. हातात डबा आणि मोबाईलची बॅटरी, एवढंच. आप्पांनी तेव्हा शब्द दिला होता.

आज म्हणाले, "औंदा ईश्वरच्या मळ्याकडचा रस्ता करू. लाइटीचं पुढं बघू."

ईश्वर हसला. "वहिनी, बिबट्याला बी जगू द्या की."

लाइट लावूनच दाखवते. हे इथं लिहून ठेवते.

२५ डिसेंबर

चार ते पाच कुंड फक्त बायांसाठी. तशी पाटीच आहे. आप्पा आणि ईश्वर बाहेर खुर्च्या टाकून बसले.

आत आम्ही तिघी. मी, अनुपमा – लग्न होऊन दोन वर्षं झालीत तिला – आणि रतनबाई, आमच्यात सगळ्यात थोरल्या. मॅक्सी घालून गळ्यापर्यंत पाण्यात. बाहेर थंडी कसली! रतनबाई डोळे मिटून म्हणाल्या, "तापलेलं पाणी आयतं मिळालं, ते ह्या जल्मात आजच."

मग अनुपमाच बोलली. बोटं मोजत. "आपण तीन. तिकडं जाईबाई आन् दगडाबाई. म्हंजी बाया पाच की वो!"

निवडून येऊन पाच दिवस झाले आणि हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नऊमध्ये पाच आम्हीच.

मी म्हटलं, मी फॉर्म भरते.

२६ डिसेंबर

रतनबाई नको म्हणतात. "आप्पा माझा चुलत दीर. मळ्याला मळा लागून हाय. तोंड कुठं दाखवू?"

खूप राग आला. त्यांचं चुकतंय असंही नाही. उद्या परत विचारणार.

२७ डिसेंबर

टॉवेल देणाऱ्या बाईनं तिचा फोन दिला. "जल्दी करो, दीदी." वहीतून जाईबाईचा नंबर लावला. ती गावातच. तिकडं चारच मतं, त्यांना कोण पळवणार?

कांदे खुरपत होती. सगळं ऐकून घेतलं. "तुझ्या नवऱ्याला इचारलंस?"

"न्हाई."

"मग मी बी न्हाई इचारत. दगडाबाईचं माझ्याकडं."

रतनबाई अजून नकोच म्हणतात.

२८ डिसेंबर

निघालो. गाडीत आप्पा ईश्वरला म्हणत होते, "बाया लई निवांत झाल्यात."

३० डिसेंबर

गाडीतून थेट ग्रामपंचायतीत. मी फॉर्म भरला. सूचक जाईबाई. आप्पा पाणी पीत होते, ग्लास तसाच हातात राहिला. मी चिठ्ठ्यांनी मतदान मागितलं. हात वर करायला लावला असता तर रतनबाईंचा हात उठला नसता.

पाच विरुद्ध चार.

निवडून आले मी.

रतनबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बाहेर चपला घालताना हळूच म्हणाल्या, "पयला खांब माझ्या दारात."

विश्वजीत पाय आपटत सेकंड शिफ्टला गेला. नवरा आहे, येईल लायनीवर. डबा तसाच ओट्यावर आहे.

१० जानेवारी २०२५

जुनी वही सापडली. वस्तीला अकरा खांब लागले, दीड वर्ष झालं. बाया सेकंड शिफ्टवरून गप्पा मारत येतात.

आप्पा माझ्यावर अविश्वास ठराव आणतायत. ठरावाला सहा मतं लागतात, आमच्यातल्या दोघी फुटल्या की संपलं. अनुपमा परवा ईश्वरच्या गाडीत दिसली.

गाडी सांगितलीय. तेच रिसॉर्ट. आज सकाळी चौघींचे फोन डब्यात घेतले. रतनबाईंनी मुकाट्यानं दिला. अनुपमाच्या पिशवीत एक वही होती.

तीही काढून घेतली.