राखीव सर्व्हर आणि लाल पेन्सिल

ती. मावशीला,

पाया पडून, आणि तुझा हात पोचणार नाही इतकं मागे सरकून, नमस्कार. गुडघे कसे आहेत? निवृत्त झाल्यापासून तू माझ्याशी बोलत नाहीस त्याला उद्या नऊ आठवडे होतील. चूक माझीच. तुझ्या निरोप समारंभात, अख्ख्या हॉस्पिटलसमोर, तुझी लाल पेन्सिलीची वही म्युझियममध्ये ठेवा असं मी म्हणालो. लोक हसले, तू हसली नाहीस, आणि ते मला आजवर खात आहे. पुढचं वाचून तरी बोलशील या आशेवर लिहितो.

तुला आठवत असेल (असेलच, तू काही विसरत नाहीस, हीच तर अडचण), वहीऐवजी मी दोन सर्व्हर बसवले. मुख्य सर्व्हरवर जे लिहाल ते राखीव सर्व्हर त्याच क्षणी उतरवून घेतो. एक बंद पडला तर दुसरा लगेच कामाला उभा. कुठल्या पेशंटला कुठलं औषध चालत नाही, ती तुझ्या वहीतली सगळी माहिती त्यात. रोज वेगळी काढून ठेवायची प्रत मी बंदच करून टाकली. दोन-दोन सर्व्हर असताना तिसऱ्या प्रतीला जागा कशाला अडवायची, असा माझा तोरा.

मंगळवारी सकाळी सरावासाठी भरलेले खोटे पेशंट पुसायला बसलो. समोर दोन विंडो उघड्या होत्या, एक सरावाची, एक खरी. मी नेमकं खरीतलं पुसलं. 'चालत नाही'चा अख्खा तक्ता साफ! तरीही मी (काय सांगू तुला) चहाचा घोट घेतला आणि मोठ्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं, काळजी नको, राखीव आहे. मग राखीव उघडून पाहिला. त्या आज्ञाधारक गाढवाने माझं पुसणंसुद्धा उतरवून घेतलं होतं, सेकंदाच्या आत.

जिना उतरून वॉर्डात धावलो. अकरा नंबरच्या आजोबांचं इंजेक्शन भरून तयार होतं. स्क्रीनवर 'चालत नाही'समोर कोरी जागा, म्हणजे सगळंच चालतं. पण तुझ्या हाताखाली तयार झालेल्या नर्सने ते बाजूला ठेवलं होतं आणि चादरींच्या कपाटातून तुझी वही काढून ती वाचत होती. मी बंदी घातल्यावरही तुझ्या सांगण्यावरून सगळ्याजणी ड्यूटी बदलताना ती गुपचूप लिहीत होत्या! लाल अक्षरात होतं : अकरा, पेनिसिलिन नको. मी तिथेच स्टुलावर बसून रडलो. आजोबांनीच मला पाणी दिलं.

संध्याकाळपर्यंत वहीवरून एक्केचाळीस पेशंटच्या नोंदी मी स्वतः पुन्हा भरल्या.

तुझा, शिकलेला पण शहाणा न झालेला,
भाचा

ता. क. : या घोळावर नेमलेल्या चौकशी समितीला मी लिहून दिलं, की आपली एक तिसरी प्रत आहे, ती वेगळ्या जागी असते, एकतीस वर्षांत एकदाही बंद पडलेली नाही आणि दुसऱ्याच्या चुका उतरवून घेत नाही. समिती भारावली. सोमवारी दहाला ती यंत्रणा, आणि ती उभी करणारा तज्ज्ञ, प्रत्यक्ष बघायला येणार आहेत. मावशी, ये ना.

आणखी एक : आलीस तर माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही. तू समितीशी बोल. मी मागे उभा राहून ऐकेन.