खिडकीखालचे ठिपके

प्रिय पोरी,

पाकीट बघून दचकू नकोस. दोघंही ठीक आहोत, म्हणजे जितके होतो तितके. फोन सोडून पत्र का, ते शेवटी कळेल. मधली पानं गाळून शेवटावर उडी मारायची तुझी जुनी खोड आहे, ती या वेळी आवर.

घर बदलायचं पक्कं झालं. तिसऱ्या मजल्यावरून बाबांना खाली नेणं आणि परत वर आणणं आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, त्यांच्या पायांना तर नाहीच. चार गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. महिनाअखेर इथली किल्ली द्यायची. घरमालकीणबाई म्हणाल्या, जमीन तेवढी साफ करून द्या, बाकीचं मी बघते. त्या म्हणाल्या नसत्या तरी मी केलीच असती. घेतली तशी परत करायची. तेव्हा गेले सहा दिवस मी पुढच्या खोलीत, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, उशीवर गुडघे टेकून लाकडी जमिनीवरचे रंगाचे ठिपके काढते आहे. गालिचा उचलला तेव्हा ते एवढे असतील असं वाटलं नव्हतं. अकरा वर्षं त्यांच्यावर गालिचा पसरून आपण सुखाने राहिलो.

काम कंटाळवाणं आहे. घाई केली की लाकूड खरवडतं, आणि ओरखडा ठिपक्यापेक्षा वाईट दिसतो. पहिल्या दिवशी मी सुरी घेऊन बसले होते. बाबा खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "मास्तरीणबाई, भाजी चिरताय की जमीन साफ करताय?" मग त्यांनी शिकवलं, आणि मी मुकाट्याने शिकले. कोमट साबणपाण्यात भिजवलेली चिंधी ठिपक्यावर ठेवायची आणि थांबायचं. मग जुन्या प्लास्टिकच्या कार्डाची कड आडवी धरून लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकेच ढकलायचं. नाही सुटला तर कापसावर स्पिरिट, तेही आधी दाराआड लावून बघायचं, पॉलिश उडत नाही ना. स्पिरिट लागलं की भिंतीचा रंग मऊ पडतो आणि सायीसारखा गोळा होतो. तो बोटाने उचलायचा. पहिले पाच सुटले तेव्हा बरं वाटलं, पन्नासाव्याला काहीच वाटलं नाही. पस्तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत, ही अवस्था माझ्या ओळखीची आहे.

बाबांचं म्हणशील तर तोंड शाबूत आहे, हात नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, तोही अर्धाच भरलेला. शर्टाची बटणं मी लावते. लावत असताना ते छताकडे बघतात आणि छताच्या रंगावर शेरे मारतात, म्हणजे खाली काय चाललं आहे ते जणू दुसऱ्याच कुणाचं. डॉक्टरांनी गोळी वाढवली आहे. त्याने थरथर थोडी कमी होते आणि झोप फार येते. मलाही येते, गोळीशिवाय.

ही खोली तुम्ही दोघांनी रंगवली तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस. कॉलेज संपवून दोन वर्षं त्यांच्याबरोबर रंगाच्या कामावर जात होतीस. ते तुला 'मिस्त्री' म्हणायचे, आणि माझ्या कपाळावर आठी पडली की मुद्दाम मोठ्याने म्हणायचे. भिंती तुझ्या, रोलरने. खिडक्या-दारं त्यांची, ऑइल पेंटने, आणि तो डबा ते कुणाला शिवू द्यायचे नाहीत. तू भिंतीलगत चादर अंथरून काम करायचीस. स्वतःच्या पायाखाली मात्र त्यांनी उभ्या जन्मात चादर टाकू दिली नाही. "चादर शिकाऊ माणसाला. माझ्या हातून थेंब पडत नाही." आणि खरंच पडत नव्हता. लग्न झाल्यापासून मी बघत होते, पांढरा शर्ट घालून कामाला जायचे आणि पांढराच घेऊन घरी यायचे. त्या वेळी भिंतीही पांढऱ्या होत्या आणि खिडकीही पांढरी.

काम संपलं त्या संध्याकाळी घरमालकीणबाई बघायला आल्या आणि खिडकीखाली ठिपकेच ठिपके. बाबा ठिपक्यांकडे क्षणभर बघत राहिले. मग बाईंना म्हणाले, पोरीचा हात अजून बसायचा आहे. आणि तुझ्याकडे वळून, त्यांच्यादेखत, "चादर टाकायला काय झालं होतं?" तू रोलर धुवायला गेलीस, आणि नळ बराच वेळ चालू होता. पुढच्या महिन्यात विमा कंपनीत रुजू झालीस. त्यानंतर तुझ्या हातात ब्रश मी पाहिला नाही. गेल्या वर्षी तुझ्या लेकीच्या खोलीला रंग द्यायला तू बाहेरची माणसं बोलावलीस. बाबा फोनवर म्हणाले, तूच दे की, एका दिवसाचं तर काम. तू हसून म्हणालीस, "नको बाबा, माझ्या हातून सांडतं." त्या दुपारी त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली आणि रात्रीपर्यंत तशीच ठेवली.

काल मी खिडकीखाली पोचले. स्पिरिट लावलं, ठिपका ढिम्म. पुन्हा लावलं, दाबून धरलं. काही नाही. मागून बाबा, पेपरातून मान वर न काढता, म्हणाले, "तिथले स्पिरिटने नाही निघायचे. थिनर घे." स्पिरिटने भिंतीचा रंग सुटतो, ऑइल पेंट सुटत नाही, हे रंगाऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. पेपराचं पान बराच वेळ उलटलं गेलं नाही. मग त्यांनी विचारलं, नव्या जागेला रंग कोण देणार? मी म्हणाले, एक माणूस सांगून ठेवला आहे. "तो सांडेल," ते म्हणाले. आणि आणखी थोड्या वेळाने, "मिस्त्रीला विचारून बघ." अकरा वर्षांत तो शब्द या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. खरं तेच सांगायचं तर भिंतीच्या कडेला चार-पाच ठिपके तुझेही निघाले. ते स्पिरिटने लगेच सुटले. खिडकीखालचा मात्र एकही तुझा नव्हता.

इथवर वाचून तुला वाटेल, आईच्या काल लक्षात आलं म्हणून तिने पत्र लिहिलं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तू नळावर होतीस. बाई गेल्यावर मी ओल्या फडक्याने एक ठिपका पुसला. वरून सुकलेला, आतून ओला होता. तो पसरला, आणि फडक्याला टर्पेंटाइनचा, म्हणजे ऑइल पेंटचा, वास आला. त्याआधी महिनाभर मी त्यांचा कप बशीवर वाजताना ऐकत होते. मी फडकं बादलीत टाकलं आणि गप्प बसले. त्यांची लाज राखली, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. विमा कंपनीचा अर्ज मी तुला न विचारता भरला होता, मुलाखतीचं पत्र आठवडाभर माझ्या कपाटात पडून होतं, आणि मला तू शिडीवर नको होतीस, टेबलामागे हवी होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पत्र तुझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि तू मान खाली घालून घेतलंस. तुझी मान खाली गेली ती माझ्या सोयीची होती. नोकरी चांगली होती, हे मी आजही म्हणेन. पण ती तुझ्या गळ्यात घालायला मी तुला तुझ्या हाताबद्दल खोटं मानू दिलं. तुझा हात चांगला होता. त्यांच्याइतका नाही, पण झाला असता. नव्या जागेला रंग द्यायला यायचं की नाही, ते तुझं तू ठरव, माझा आग्रह नाही. तो करायचा हक्क मी घालवला आहे. हे फोनवर सांगता आलं असतं, पण दुसऱ्याच वाक्याला तू म्हणाली असतीस, जाऊ दे गं आई. जाऊ देऊ नकोस.

तुझीच,
आई