कोरं कपाळ

पौष शुद्ध ५, शके १८६५. मुखेड.

पुन्हा दारातूनच परत! बाळंतीण आत ओरडते आहे आणि तिची सासू उंबऱ्यात आडवी — "बाई, कोऱ्या कपाळानं आत नगा येऊ." पुरुष डॉक्टर तर चालतच नाही. आणि मी चालत नाही, कारण मी विधवा! हैदराबादला नर्सिंग शिकले, इथल्या सरकारी दवाखान्यात नेमणूक झाली, ती काय दारात उभं राहायला?

डॉक्टरसाहेब म्हणाले, "सौदामिनीबाई, कुंकू लावून जात जा. किसको मालूम पडेगा?" तेव्हा राग आला. जेवताना मात्र रडू आलं.

पौष शुद्ध ८

लावलं. हे गेले त्या दिवशी पुसलं होतं, त्यानंतर आजच. आरशात बघवेना. आणि कुणाला सांगू — बरंही वाटलं!

माघ वद्य २

मालक हैदराबादेत आहेत, तिकडं शहरात रोज कुंकू लावायची सवय राहिली नव्हती, असं सांगते; आता बोलावणी येतात. ओटीसुद्धा भरतात. ती घेताना चोरटं वाटतं.

शेजारची महानंदा पहिलटकरीण आहे. रोज येऊन बसते. आज विचारलंन, "बाई, तुमचे मालक हैदराबादेतच का राहून राहिले?" तिच्याशी खोटं बोलवेना. सांगून टाकलं. पोरगी जवळ सरकली. मग माझं फिसकटलेलं कुंकू बोटानं नीट करून म्हणाली, "माझ्या येळंला तुमीच पाहिजे. कुंकू असू नायतर नसू." वेडी!

फाल्गुन शुद्ध ३

बाजारात नांदेडच्या मावससासूबाई भेटल्या. भर बाजारात ओरडल्या — "आमचा श्रीपाद जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तू कुंकू लावून मिरवतेस? लाज कशी नाही वाटत!" भाजीवाल्या बाया तोंडाकडे बघत राहिल्या. भाजी न घेताच परत आले.

फाल्गुन शुद्ध ११

विठाबाईचा नातू गेला. बाळंतपण मीच केलं होतं. हगवण लागली होती लेकराला. दिलेलं औषध पाजलंच नाही. पण गाव म्हणतं, रांडमुंडीचा हात लागला म्हणून गेलं! दारावर शेण मारलं कुणीतरी. पोट सांभाळत महानंदा आली आणि पुसायला लागली. मी खेकसले, वाकू नकोस!

आत नेऊन तपासलं. मूल आडवं आहे. सांगितलं — कळा सुरू झाल्या की लगेच बोलव, मी फिरवीन. उशीर केलास तर कुणाच्याच हातात राहणार नाही. "हाव," म्हणाली. पण तिचं लक्ष दाराकडेच होतं.

फाल्गुन वद्य ६

कालपासून कळा देते आहे. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. पिशवी भरून बसले आहे. तीनदा जाऊन दार बडवलं. तिची सासू गुणाबाई आतून एवढंच म्हणते, "नगं बाई. जावा तुमी." कडी काढत नाही. देवा, तिला बुद्धी दे!

फाल्गुन वद्य ७

महानंदा गेली. पोटातलंही गेलं.

फाल्गुन वद्य १०

गुणाबाई दिसली की अंगाचा तिळपापड होतो. खुनी आहे ती! सुनेच्या जिवापेक्षा माझं कपाळ मोठं वाटलं तिला. मला इथे राहायचं नाही. बदली मागणार.

चैत्र शुद्ध ५, शके १८६६

महानंदाचे दिवस झाले. गुणाबाई आली. मी बस म्हटलं नाही. उभ्यानंच बोलली —

"बाई, म्या तुमाला बोलवायलाच निघाले व्हते. तिनं माझा पदर धरला. पोटातल्या लेकराची आण घातली. म्हणली, 'आत्याबाई, बाईला आणू नगा. मी काय वाचत न्हाई. त्यांच्या हातात मेले तर गाव त्यांला जित्तं सोडणार न्हाई.'"