वर्गात दाखवायची वस्तू

एडिसन, न्यू जर्सी
नोव्हेंबर २००३

तीर्थस्वरूप भगवंतराव पाव्हणे, मुक्काम शिनोली, यांना पेठच्या सोपानचा सातासमुद्रापलीकडून दंडवत.

तुमचा गुडघा आणि नुकतीच व्यालेली गाय, दोघांचंही कसं आहे ते कळवा. मी थंडीने आखडलोय, बाकी उत्तम. सुदर्शन आणि सूनबाई आरती मजेत आहेत.

इथली शाळा सांगितली तर तुम्हाला खरं वाटायचं नाही. पिवळी बस थांबली की मागच्यापुढच्या सगळ्या गाड्या मुकाट्याने थांबतात (आपल्याकडे एसटी थांबली की सगळे हॉर्नवर तुटून पडतात). पहिलीला परीक्षा नाही, नंबर नाही, छडी नाही. वर्गात खुर्च्या असून पोरं सतरंजीवर बसतात. त्यासाठी एवढं विमानात बसून यायचं काय अडलं होतं, असं मी विचारलं, तर सुदर्शनने डोळे वटारले. आणखी उलटं म्हणजे, आपल्याकडे गप्प बसणारं पोर शहाणं, इथे तेच काळजीचं. आपली नात वृषाली जूनमध्ये पुण्याहून इकडे आली आणि शाळा सुरू झाल्यापासून तिने वर्गात तोंड उघडलेलं नाही. नाताळपर्यंत बोलली नाही तर खालच्या वर्गात बसवू, असं बाईंनी कळवलं. आरती दोन वेळा जेवली नाही. मलाही घास गोड लागेना.

इथे दर शुक्रवारी एका पोराने घरची एखादी वस्तू न्यायची आणि तिच्याविषयी बोलायचं, अशी पद्धत आहे. कोणी ससा नेला, कोणी बापाचं हेल्मेट. वृषालीची पाळी आली. घरात नाही नाही ती यंत्रं असताना पोरीने वस्तू म्हणून मला निवडलं.

धोतर, फेटा आणि वरून सुदर्शनचं जाकीट, असा मी निघालो. ऑफिसात माझ्या छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवली (पार्सलच झालो). बाईंसाठी नेलेला नारळ काढून घेतला. वर्गात बसायला दिलेली खुर्ची एवढीशी, की उठलो तर तीही माझ्याबरोबर उठली. पोरं हसली. वृषाली मात्र बुटांकडे बघत उभी. बाई वाट बघतायत, दारात आरती पदर नसताना पदर शोधतेय. मला राहवेना. म्हटलं, "पोरांनो, आमच्या उसात लई मोठा बिबट्या शिरला व्हता!" आणि अशी डरकाळी फोडली की शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले.

पोरांना डरकाळी कळली, पुढचं कळेना. सगळी वृषालीच्या मागे लागली, काय म्हणतात, काय म्हणतात? मग पाव्हणं, ती बोलली. मी एक वाक्य सांगावं, तिने चार सांगावीत. माझी गोष्ट संपली तरी तिची चालूच. बाईंनी डोळे पुसले. माझेही भरून आले, खोटं कशाला सांगू.

घरी आल्यावर आरतीने खुलासा केला. मी सांगितलं, काठी घेऊन बिबट्याच्या मागे धावलो. पोरीने इंग्रजीत सांगितलं, आजोबा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरले, आतून कडी लावली, आणि आजीने डबा बडवून बिबट्या हाकलला. हे तिला कोणी सांगितलं ते विचारायला नको. तुमची बहीण दर रविवारी फोनवर असते.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
सोपान

ता. क. आता खरं काम. पोरीला माझा आधार लागतो, म्हणून शाळेचं वर्ष संपेपर्यंत राहावं म्हणतो. कांद्याच्या लागणीला मी नसणार, हे कुशाबाईला तुम्ही सांगा. भाऊ आहात, तुमच्यावर ती भांडं फेकणार नाही.

पुन्हा ता. क. वरचं खोडलं असतं, पण कागद घाण होईल. आत्ता वृषालीला विचारलं, पुढच्या खेपेला कोणती गोष्ट सांगू? ती म्हणाली, "आजोबा, एक वस्तू एकदाच न्यायची असते. आणि आता माझं मी बोलते." जरा लागलं मनाला, पण रात्री दोन घास जास्तच गेले. ठरल्या तारखेलाच येतोय. कुशाबाईला सांगा, तिच्यावाचून करमेना म्हणून.