दारात खाकरणारा जावई

प्रिय आई,

खरं तर तीर्थरूप लिहायला हवं. तुम्ही शाळेत पत्रलेखन शिकवायचात आणि मायना चुकला की अर्धे मार्क कापायचात. कापा. बावीस वर्षं मी तुम्हाला 'अहो आई' म्हणालो आणि तुम्ही मला 'सुरेशराव'. तेवढ्या अंतरावरून आजचं पत्र लिहिता येणार नाही.

काल दुपारी चिपळूणहून कुसुममावशींचा फोन आला. तुमची धाकटी बहीण, जी कधी कोणापुढे रडत नाही, ती रडत होती. "सुरेशराव, नीता माझा फोन उचलत नाही हो. तीन महिने झाले. तुम्ही तरी समजवा तिला." मी म्हटलं, "सांगतो मावशी." फोन ठेवला आणि एका कोल्डरूमचा कॉम्प्रेसर उघडायला घेतला. घरी गेलो, जेवलो, काही सांगितलं नाही. आता पुन्हा दुकानात बसलोय. मस्कतच्या मवालेह भाजीमार्केटमध्ये दुपारची सामसूम आहे, आणि मी जॉबकार्डांच्या कोऱ्या बाजूला हे लिहितोय. तुम्हाला सांगून जमलं, तर नीताला सांगायला जमेल.

मावशींचा गुन्हा काय? तुम्हाला त्रास होतोय हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी आम्हाला कळवलं नाही. तुमच्या तेराव्याला त्यांनीच ते बोलून दाखवलं आणि नीता जी उठून आत गेली, ती त्यांच्याशी पुन्हा बोललेली नाही.

आई, मलाही माहीत होतं.

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. गिऱ्हाइकाने मशीनजवळ मोबाइल धरला की मी इथे बसून सांगतो, बेअरिंग गेलंय की व्हॉल्व्ह. शिक्षण नव्हतं, ओळख नव्हती, या कानांवर धंदा उभा केला. जानेवारीत तुम्ही आमच्याकडे होतात, त्या गुरुवारी मी लवकर घरी आलो होतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याला जबल शम्सच्या डोंगरावर जायचं होतं. दार उघडं होतं. मी बूट काढत होतो आणि तुम्ही स्वयंपाकघरात मावशींशी फोनवर बोलत होतात. चिपळूण लांब, म्हणून आवाजही मोठा.

"जिना चढले की छातीत भरून येतं गं. घाम सुटतो. नाही, इथे कोणाला नाही बोलले. ईशा त्या फळकुटावर मेण घासत बसलीये सकाळपासून, तिच्या आनंदावर कुठे पाणी घालू? आणि सुरेशराव कधी नव्हे ते दुकान बंद ठेवतायत. डोंगरावरून परत आलं की बघू."

मी काय केलं? खाकरलो.

जावयाने दारात खाकरायचं असतं. आत बायका काय बोलत असतील ते त्यांना आवरता यावं म्हणून. तुम्ही लगेच नारळाच्या भावावर आलात. मी आत येऊन विचारलं, "आई, चहा मिळेल?" तुम्ही म्हणालात, "का नाही मिळणार?" झालं. एवढंच.

ही खाकरायची सवय मला तुमच्याच घरात लागली. नीताला बघायला आलो होतो तेव्हाची गोष्ट. मी बाहेर खुर्चीवर, हातात शिऱ्याची बशी. आत तुम्ही मावशींना सांगत होतात, "गॅस भरणारा आहे तो मस्कतला. फ्रिजचा मेकॅनिक. डिप्लोमासुद्धा नाही. माझी एम.ए. झालेली पोर त्याच्या गळ्यात बांधू?" मी शिरा संपवला. चांगला झाला होता. बाहेर येऊन तुम्ही विचारलंत, "अजून वाढू?" मी म्हटलं, "वाढा." तेव्हापासून तुमच्या दारात पाऊल टाकण्याआधी मी खाकरत आलो. काही ऐकायला नको आणि ऐकलंच तर ते ऐकलेलं नको. आपलं बरं चाललं त्यावर. कधी एक शब्द वाकडा गेला नाही. लोक म्हणायचे, सासू-जावई असावेत तर असे.

ते फळकुट आठवतं ना? स्नोबोर्ड. शेजारच्या गल्लीतलं इंग्रज कुटुंब ओमान सोडून चाललं होतं, सामान विकत होतं. त्यात ईशाने तो बघितला आणि हट्टच धरला. मी म्हटलं, अगं, या देशात याचं काय करणार, पापड वाळत घालणार? ती म्हणाली, "बाबा, जबल शम्सवर स्नो पडतो. मी व्हिडिओ बघितलाय." वर्षभर बोर्ड बाल्कनीत उभा राहिला. आणि जानेवारीत पावसाचा अंदाज आला तशी पोर नाचायला लागली. बोर्ड नीट सरकत नाही म्हणून ती कुरकुरत होती, तेव्हा मेणबत्ती तुम्ही दिलीत. "घास. आमच्या शाळेची घसरगुंडी अडली की आम्ही हेच करायचो."

शुक्रवारी निझवा शहर सोडून डोंगर चढायला लागलो तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी पुढच्या सीटवर होतात. रस्ता वळला की दाराचा दांडा धरायचात. मी दोनदा विचारलं, "ठीक ना आई?" दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "मजेत." दोन्ही वेळा मला माहीत होतं मी काय विचारतोय. सरळ विचारायचं होतं, छातीत दुखतंय का? पण सासूला छातीचं दुखणं जावयाने कसं विचारायचं? हसाल तुम्ही. मलाही आता हे लिहिताना विचित्र वाटतं. पण तेव्हा गाडीत खरंच शब्द सापडत नव्हता. मागे तुमची लेक बसली होती. "नीता, जरा आईला विचार गं," इतकं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

वर बर्फ कुठला? गारा. दुपारी अर्धा तास पडल्या आणि डोंगराच्या सावलीतला एक उतार पांढरा झाला. तीस-चाळीस फुटांचा. खाली दगड. एक ओमानी कुटुंब पत्र्याची परात घेऊन आलं होतं, त्यांची पोरं परातीतून घसरत होती. ईशा बोर्डवर उभी राहिली, दहा फूट गेली आणि आपटली. पुन्हा उठली, पुन्हा आपटली. बोर्ड दगडांवर घासून असा आवाज करत होता की माझे दात आंबले. नीता ओरडत होती, "हाड मोडून घेशील!" आणि तुम्ही शाल डोक्यावरून घेऊन, पायात नीताचे स्पोर्ट शूज, घडीच्या खुर्चीवरून सूचना देत होतात. "गुडघे वाकव. ताठ काय उभी राहतेस, झेंडावंदन आहे का?"

मग ईशा म्हणाली, "आजी, आता तू. तू बसून ये. बाबा खाली पकडेल."

नीता नको म्हणाली. मी काय म्हणालो ते मला आठवतं. मी म्हणालो, "येऊ दे गं, अर्ध्या उतारावरून, पंधरा फूट तर आहे."

तुम्ही साडी चापून बसलात. पाय लांब, हातात शालीची टोकं. तो ओमानी गडी लांबून ओरडला, "यल्ला मामा, यल्ला!" म्हणजे चल आई, चल! ईशाने हलकं ढकललं आणि तुम्ही सरळ माझ्याकडे आलात. तोंडाने "अगं अगं अगं" चाललेलं. मी दोन्ही हातांनी धरलं. बावीस वर्षांत नमस्काराला वाकण्यापलीकडे मी तुमच्या इतक्या जवळ कधी आलो नव्हतो. तुम्ही हसत होतात, आणि हसण्याच्या खाली तुमचा श्वास माझ्या कानाशी होता. आई, तो श्वास बरोबर नव्हता. मशीन चालू होऊ बघतं आणि पकडत नाही, तसा. हे कळायला मला डॉक्टर लागला नाही.

"नंबर वन ड्रायव्हर," ओमानी म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

तुम्हाला खुर्चीवर बसवलं, थर्मासमधला चहा दिला. नीता आणि ईशा पुन्हा उतारावर गेल्या. तेव्हा तुम्ही एकदम म्हणालात, "सुरेशराव, नीताला बघायला आलात त्या दिवशी मी आत जे बोलले, ते तुम्ही ऐकलं होतंत ना?"

मी म्हटलं, "कधीचं काय काढता आई?"

"म्हणजे ऐकलं होतंत. मला नंतर कळलं, तुमचे कान किती तिखट आहेत ते. मग बरेच दिवस लाज वाटायची. पण तुम्ही कधी तोंडातून काढलं नाहीत. माझ्या स्वतःच्या मुलाने दर दिवाळीला ऐकवलं असतं." मग कपाकडे बघत म्हणालात, "ऐकून पोटात ठेवणं सगळ्यांना नाही जमत."

आणि तुम्ही थांबलात. माझ्याकडे बघत राहिलात.

त्या थांबण्याचं काय करू ते मला तीन महिने कळत नाहीये. गुरुवारी मी दारात होतो, हेही तुम्हाला माहीत होतं का? मी खाकरलो ते उशिरा खाकरलो, हे शाळेतल्या बाईंना कळलं नसेल? मी बोलावं म्हणून थांबला होतात, की चहा गरम होता म्हणून? शाबासकी दिलीत, तीही नेमकी गप्प बसण्याची, आणि मी ती घेऊन गप्प बसलो. आता बोललो तर ती परत करावी लागेल असं काहीसं वाटलं. माणूस कुठल्या वेळी कशाला चिकटून बसेल, सांगता येत नाही.

रात्रीचा मुक्काम वरच करून शनिवारी परतताना तुम्ही गाडीत झोपलात. मी रेडिओ बंद केला आणि मस्कतपर्यंत तुमचा श्वास ऐकत आलो. उद्या डॉक्टरकडे नेऊ, असं ठरवलं. रविवारी मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याची केळ्यांची कोल्डरूम बसली. सोमवारी तिचा पार्ट मिळेना. मंगळवारी सकाळी नीताचा फोन आला.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, "पहले कुछ तकलीफ बताई थी? सीने में दर्द, साँस फूलना?" नीता म्हणाली, "नाही, काहीच नाही." आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

नाही अशी.

तुम्ही विचाराल, राग होता का मनात? गॅस भरणारा म्हणालात त्याचा? मी खूप शोधलं. राग मिळाला नाही. मिळाला असता तर बरं झालं असतं, निदान काहीतरी हाताला लागलं असतं. मिळाली ती नुसती सवय.

मी अजून रडलेलो नाही. लोकांना वाटतं, सुरेश घट्ट माणूस आहे. दुकानात नव्या माणसांना मी पहिल्या दिवशी सांगतो: हातावर थंडगार गॅस उडाला तर दुखत नाही, बोट नुसतं पांढरं पडतं. दुखत नाही म्हणून खूश होऊ नका. तसं काहीसं आहे. जेवतो, झोपतो, गिऱ्हाइकांशी हसतो, इन्शाल्ला म्हणून वेळ देतो. तुमची खुर्ची गाडीच्या डिकीत आहे, ती रोज बघतो आणि डिकी बंद करतो.

तुमच्यावर एक तक्रार आहे, ती करू द्या. तुम्हीही बोलायचं होतंत. मुलांना आयुष्यभर 'मोठ्याने वाच, मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे' म्हणून शिकवलंत, आणि स्वतःचं दुखणं चिपळूणला सांगितलंत. आमच्या घरात चार खोल्या होत्या, आई.

पण हे पत्र तुमच्या चुकीसाठी नाही.

नीता भाजी चिरताना मध्येच थांबते आणि म्हणते, "मावशीला माहीत होतं. तिने एक फोन केला असता तर आज आई असती." दर दोन-चार दिवसांनी. मी समोर बसून ऐकतो. तिचं हे वाक्य मावशीला लागतं असं तिला वाटतं.

आणि ईशा. तिने बोर्ड चादरीत गुंडाळून स्टोअररूममध्ये ठेवलाय. परवा मला विचारलं, "बाबा, मी आजीला त्याच्यावर बसवला नसता तर? वुड शी बी ओके?" मोडक्या मराठीत सुरुवात केली आणि पुढचं तिला मराठीत विचारवलं नाही. मी म्हटलं, "अभ्यास कर." पंधरा वर्षांची पोर माझं ओझं उचलून फिरतेय, आणि मी म्हणतो अभ्यास कर.

म्हणून आता खलास. माझ्या गप्प बसण्याला तुम्ही मोठेपणा म्हणालात, ती शाबासकी परत घ्या. मला ती पेलली नाही.

रोज साडेपाचला नीता चहा ठेवते, ईशा क्लासहून आलेली असते. आज दोघींना समोर बसवून सांगेन, गुरुवारपासून डॉक्टरांपर्यंत सगळं, मान हलवली तेसुद्धा. नीता काय करेल मला माहीत नाही. कदाचित मावशींसारखा मलाही तिचा फोन लागणार नाही, एकाच घरात राहून. ते चालेल. मग चिपळूणला फोन लावून नीतासमोर ठेवेन. बोलणं, न बोलणं तिचं.

तुम्हाला शब्द देतो, आई. आज बूट काढताना आत काहीही ऐकू आलं तरी मी दारात खाकरणार नाही. तसाच आत जाईन.

तुमचा,
सुरेश